लेकराला दात येतायत, पण जुलाब कशाचे?

मे महिना होता. मुलगा नऊ महिन्यांचा. खालचे दोन दात आलेले, वरची हिरडी फुगलेली, आणि सकाळपासून चौथ्यांदा पातळ शी झालेली. शेजारच्या अक्का दारातूनच म्हणाल्या, "घाबरू नको गं. दात येऊलालेत की लेकराला. माझ्या तिघांनाबी असंच झालं होतं." सासूबाईंनीही मान डोलावली. मलाही हायसं वाटलं, कारण एकदा निदान हाती लागलं की आईचा निम्मा जीव भांड्यात पडतो. आम्ही दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो रडायचाच थांबला. डोळे अर्धवट मिटून नुसता पडून राहिला, अंगावर पाजायला घेतलं तर मान वळवेना. रिक्षा करून दवाखाना गाठला. सलाईन लागलं.

डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या बघितल्याच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

सोलापुरात राहणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पण दातांच्या गोष्टीत पाण्याचा काय संबंध, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. नंतर वाचलं, विचारलं, आजूबाजूची लेकरं बघितली. दात येणं आणि आजारी पडणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. ती गाठ मनात एवढी घट्ट का बसते, ते आधी बघू.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि शेवटची दुधाची दाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत. मधल्या काळात एकूण २० दात. म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या या काळात बाळाला कधीही, काहीही झालं तरी त्याच्या तोंडात कुठला ना कुठला दात येतच असतो. सर्दी झाली, दात येतायत. ताप आला, दात येतायत. रात्री झोपलं नाही, दात येतायत. हे उत्तर नेहमीच जुळतं, आणि म्हणूनच त्याच्यावर विसंबता येत नाही.

त्यात सहावा महिना हा बाळाच्या आयुष्यातला मोठा वळणाचा महिना. पोटात असताना नाळेतून आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीची शिदोरी तोपर्यंत बरीचशी संपलेली असते आणि बाळाची स्वतःची अजून तयार होत असते. याच सुमाराला उष्टावण होतं. आईच्या दुधावर वाढलेल्या पोटात पहिल्यांदाच वरचं अन्न, वरचं पाणी, वाट्या-चमचे जातात. बाळ बसायला, मग रांगायला लागतं आणि फरशीवरचं जे दिसेल ते तोंडात घालतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, तिच्यानंतर काही मुलांना दोन-चार दिवस ताप येतो. आणि या सगळ्याच्या मधोमध पांढरी कणी हिरडीतून डोकावते. दोष तिच्या माथी जातो, कारण डोळ्यांना तीच दिसते. पाण्यातले जंतू दिसत नाहीत.

हा समज फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली सरकारी नोंदीत ५,०१६ मृत्यूंचं कारण 'दात येणं' असं लिहिलेलं आहे. ती लेकरं जुलाबांनी, न्यूमोनियानं, इतर संसर्गांनी गेली असणार. वय दात येण्याचं होतं, एवढाच त्या कारणाला आधार. पुढे दात 'सोपे जावेत' म्हणून तिथे बाळांना जी पावडर द्यायचे, तिच्यात पारा असायचा. त्या पाऱ्यानं मुलांचे हातपाय लाल होऊन सोलायचे, मुलं दिवसरात्र कळवळायची. १९५० च्या दशकात ती पावडर बंद झाली आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. दातांवर औषध म्हणून दिलेल्या गोष्टीनं दातांपेक्षा कितीतरी जास्त छळ केला.

आता दात येतो म्हणजे नेमकं काय होतं? दुधाच्या दातांचे कोंब आईच्या पोटातच, दुसऱ्या महिन्याच्या सुमाराला धरतात. चौथ्या महिन्यापासून त्यांच्यावर कठीण थर चढायला लागतो. बाळ जन्मतं तेव्हा पुढच्या दातांचा वरचा भाग जबड्यात जवळजवळ तयार असतो. तो वर यायचा म्हणजे जबड्याच्या हाडातून वाट हवी. दाताभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं, ते आसपासच्या पेशींना इशारा देतं. वरच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, खालच्या बाजूला नवं बनतं. शेवटी हिरडीचा पातळ पापुद्रा उरतो, तोही आपोआप विरळ होऊन उघडतो. सुरीनं कापल्यासारखा दात हिरडी चिरत येतो, ही आपली कल्पना. प्रत्यक्षात वाट आधी तयार होते, मग दात येतो. बी रुजून कोंब वर येतो तेव्हा माती जशी आपोआप सैल झालेली असते, तसंच काहीसं.

त्यामुळे त्रास होतो तो हिरडीपुरता. अमेरिकेत १२५ बाळांच्या आयांनी रोज नोंदी ठेवल्या, त्याचा अभ्यास २००० साली छापून आला. चावत सुटणं, लाळ, हिरडी चोळणं, किरकिर, झोपमोड, घन खाणं नको वाटणं, गालावर पुरळ हे दिसलं, पण दात वर येण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्या आठ दिवसांतच. अंग किंचित कोमट लागतं. पण थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर तो दातांचा नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच निघालं.

घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा तळहातानं कपाळ बघून ताप सांगणं कुणालाच जमत नाही. आपलाच हात तापलेला असतो. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि १००.४ दिसलं, तर घरी काहीही न करता थेट दवाखान्यात.

लाळेचंही सांगते, कारण तिच्यावरून फार फसगत होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाची लाळ गळायला लागते, मूठ सतत तोंडात असते, आणि घरात चर्चा सुरू होते की दात लवकर येणार. खरं तर तेव्हा लाळेच्या ग्रंथी जोमानं कामाला लागलेल्या असतात आणि सगळी लाळ गिळायचं तंत्र बाळाला अजून आलेलं नसतं. मूठ तोंडात जाते कारण जग ओळखायचं त्याचं पहिलं साधन तोंडच आहे. दात यायला अजून दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त वेळ असतो. हनुवटी आणि गळा मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका, वरून थोडं व्हॅसलीन लावा. एवढं पुरतं.

आता पाणी. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत होतं, म्हणून पिंप भरून ठेवायचं, आणि घरातला जो तो तांब्या बुडवून पाणी घ्यायचा. तांब्याबरोबर बोटंही बुडायची. पहिल्या दिवशीचं पाणी आणि पाचव्या दिवशीचं पाणी दिसायला सारखंच, पण त्या पाच दिवसांत कितीतरी हात त्यात जाऊन आलेले. मोठ्यांचं पोट ते सोसतं. नऊ महिन्यांच्या लेकराचं सोसत नाही. बाळासाठी एक वेगळं, झाकणाचं, तोटीचं भांडं ठेवा. पाणी खळखळ उकळू द्या, उकळी आल्यावर किमान एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलं तर त्या भांड्याची स्वच्छता आली. दुधाच्या बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या काळचं बोंडलं बरं, कारण बाटलीच्या बुचाच्या आतली चर साबणानंही नीट निघत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको. "एवढ्या उन्हात लेकराचा घसा वाळेल की" असं घरातली मोठी माणसं प्रेमानंच म्हणतात. पण आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं, आणि पाणी प्यायचं ते आईनं.

जुलाब सुरू झालेच, तर दात येतायत की नाही हा विषय बाजूला ठेवून पहिल्या पातळ शीपासून ओआरएस सुरू करा. पाकीट ज्या मापाचं असेल तेवढंच पाणी घ्या. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, मोजून. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात ढवळलं तर मीठ जास्त होतं आणि ते धोक्याचं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी हळू पाजा. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं मऊ जेवण चालू ठेवा, पोटाला 'विश्रांती' म्हणून उपाशी ठेवू नका. सोबत झिंक द्यायचं असतं, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून ते मध्येच बंद करायचं नाही. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आशाताईंना विचारा. दुकानात फळांच्या चवीची, ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं मिळतात, त्यांच्यात साखर भरमसाट असते आणि जुलाब वाढतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, ते बघूनच घ्या.

बाळ सुकतंय हे कसं ओळखायचं? सहा-सात तास लंगोट कोरडा. रडताना डोळ्यांत पाणी नाही. कालपर्यंत लाळ गाळणाऱ्या लेकराची जीभ आज कोरडी. टाळू खोल गेलेली. ही टाळूची खूण आपल्या घरांत सगळ्यांना दिसते, पण तिचा अर्थ वेगळा लावला जातो. "टाळू पडली" म्हणतात आणि वर तेल भरतात. टाळू खोल जाते कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि वरून घातलेलं तेल आतलं पाणी भरून काढत नाही. अशा वेळी, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, बाळ पीतच नसेल, मलूल पडलं असेल, तर वेळ न घालवता सिव्हिलला किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. माझा मुलगा रडायचा थांबला तेव्हा मला क्षणभर वाटलं होतं की बरं वाटतंय त्याला. तो क्षण अजून आठवतो.

हिरडी खरोखरच शिवशिवत असेल तर काय द्यायचं? सोलापूरकरांच्या घरात याचं उत्तर आधीच आहे, टेरी टॉवेल. स्वच्छ धुतलेला छोटा नॅपकिन उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, पिळा, अर्धा तास फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा आणि एक टोक बाळाला चावायला द्या. त्याच्या छोट्या छोट्या फासांचा खरखरीतपणा आणि गारवा, दोन्ही हिरडीला बरं वाटतं. फ्रीजर नको, बर्फासारखं कडक झालेलं हिरडीला दुखवतं. हात स्वच्छ धुऊन बोटानं एक-दोन मिनिटं हिरडी हलकेच दाबली तरी बाळ शांत होतं. चादरीच्या दशा मात्र चघळू देऊ नका, सुटलेला धागा घशात जातो किंवा बोटाला घट्ट गुंडाळला जातो.

कडक भाकरीचं मला विशेष सांगायचंय, कारण आमच्याकडे बाळाच्या हाती तिचा तुकडा देण्याची पद्धत आहे. दिसायला ती बिस्किटासारखी, पण लाळेनं लगेच विरघळत नाही. दोन दातांचं बाळ तिचा कोपरा मोडू शकतं, चावू शकत नाही, कारण चावायला दाढा लागतात आणि त्या वर्षानंतर येतात. तो टोकदार तुकडा घशात अडकतो. तीच भाकरी दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवून, कुस्करून द्या, उत्तम अन्न आहे. तसंच शेंगदाण्यांचं. अख्खे किंवा अर्धे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. पण दाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत कालवून सहा महिन्यांनंतर थोडं थोडं द्यायला हरकत नाही. लवकर ओळख झाली तर शेंगदाण्याची ॲलर्जी कमी होते, हे २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. (बाळाला आधीपासून खूप इसब असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) शेंगा चटणीला मात्र अजून अवकाश आहे.

संक्रांतीला गड्ड्यावरून, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून, बाळाला खेळणं आणतोच आपण. दिवा लागणारं, आवाज करणारं असेल तर त्यात गोल चपटा सेल असतो. गिळला गेला तर तो दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं लहान मुलाच्या घरात नको. आणि बोरन्हाण जरूर करा, फक्त डोक्यावरून ओतायच्या बोरं, हरभरे, चुरमुरे, गोळ्या यांतलं एकही बाळाच्या मुठीत राहणार नाही, याची जबाबदारी कुणा एकावर सोपवा. सगळे फोटोत गुंतलेले असतात.

घशात अडकलंच आणि वर्षाआतलं बाळ खोकू, रडू शकत नसेल, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून घ्या आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. तोपर्यंत दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. काही दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

विडी वळणाऱ्या आयाबहिणींसाठी दोन शब्द. सोलापूरजवळच्या कुंभारीपासून शहराच्या पूर्वभागापर्यंत कितीतरी घरांत मांडीवर सूप आणि शेजारी रांगतं लेकरू, हे रोजचं चित्र आहे. दात येताना लेकरू जे दिसेल ते तोंडात घालतं, आणि तंबाखूची चिमूट लहान जिवाला विषासारखी असते. सूप उंचावर, पान-तंबाखू बंद डब्यात, आणि लेकराला उचलण्याआधी साबणानं हात. रडतंय म्हणून हिरडीला मिश्रीचं बोट लावायची सवय कुठे असेल, तर ती आजच थांबवा. त्यानं लेकरू गप्प होतं, कारण निकोटिन अंगात जातं.

दुकानात मिळणारी हिरडी बधिर करणारी जेलही नकोत. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये बजावलं, कारण क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. लाळेबरोबर जेल वाहूनही जातं. वर्षाच्या आत मध नको, घुटीतूनही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. खूपच कळवळत असेल तर पॅरासिटामॉल, पण वजनावरून डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. इथे एक चूक घराघरांत होते. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या एका मिलीत साधारण २५. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर चौपट औषध पोटात जातं. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा.

दात उशिरा आले तरी लोक काळजी करतात. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीही पहिला दात येऊ शकतो. घरात आई-वडिलांचे दात उशिरा आले असतील तर बाळाचेही येतात. महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेपासून नाही, तर डॉक्टरांनी आधी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजायचं. उशिरा दात म्हणजे कॅल्शियम कमी, हे गणित बहुतेक वेळा चुकीचं असतं, टॉनिकची घाई करू नका. दीड वर्ष उलटलं तरी एकही दात नसेल, किंवा दातांबरोबर बसणं-चालणंही मागे पडलं असेल, तर तपासून घ्या. थायरॉइड किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता अशा वेळी सापडू शकते.

आणि वरचे दात आधी आले म्हणून मामाला काही होत नाही. बहुतेकांना खालचे आधी येतात, काहींना वरचे, एवढंच. जन्मतःच दात असलेलं बाळही अशुभ नसतं, दोन-तीन हजार बाळांत एखादं असं जन्मतं. तो दात हलत असेल किंवा दूध पिताना जिभेखाली घासून जखम होत असेल तर दंतवैद्याला दाखवावं. त्या बाळाच्या आईला कुणी बोल लावत असेल तर घरातल्या इतरांनी तिच्या बाजूनं उभं राहावं.

पहिला दात दिसला त्याच दिवसापासून तो घासायचा. मऊ छोटा ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं हे दुधाचे दात किडण्याचं मोठं कारण आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर रात्रभर बसून राहतं. आधी वरचे पुढचे दात जातात, खालच्यांना जिभेचं पांघरूण असतं. पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला एकदा दंतवैद्याला दाखवून या.

"दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत" असं म्हणून कीड सोडून देऊ नका. दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून ठेवते. ती आधीच काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, सगळ्यांत मागे एक नवी दाढ गुपचूप येते. ती दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. लेकरू पहिलीत गेलं की उजेडात त्याचं तोंड उघडून मधल्या रेषेपासून मागे मोजा. एका बाजूला पाच दुधाचे. सहावी दिसली तर ती कायमची.